राखेनं घासलेली चेन

महाडला खोली शोधत फिरलो तेव्हा घरमालक लोक काय काय विचारतात ते मला पाठ झालं होतं. लग्न झालंय का, मासळी खाता का, पाहुणे फार येतात का, आडनाव काय आणि ते नेमकं कुठल्या गावचं. या बाईंनी त्यातलं काहीएक विचारलं नाही. दारात उभ्या राहून त्यांनी माझ्या मागे फाटकाला टेकवलेल्या सायकलकडे पाहिलं, पायात चपला सरकवल्या, पायऱ्या उतरून सायकलपाशी उकिडव्या बसल्या आणि चेनवरून बोट फिरवून ते बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"हे काय आहे?"

"ग्रीस," मी म्हणालो.

"ग्रीस? हा महाड ते एमआयडीसी अख्खा रस्ता आहे. तू रोज तो सायकलवरून जातोस आणि रोज थोडा घरी घेऊन येतोस."

खोली मिळाली. डिपॉझिटबद्दल त्या नंतर बोलल्या, आधी अट सांगितली ती चेनची. दर रविवारी सकाळी चेन काढून साफ करायची, आणि ती त्यांना दाखवायची. मी त्या वेळी एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. दिवसभर काचेच्या नळ्या धुऊन वैतागलेला माणूस, त्यात हे रविवारचं लचांड! पण खोलीला खिडक्या दोन होत्या आणि पुराचं पाणी तिथवर क्वचितच यायचं, म्हणून हो म्हटलं.

बाई म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सगळी नोकरी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाड्यांवर झाली. सडक संपेपर्यंत सायकल आणि पुढे पायी, असं त्यांनी जन्मभर केलं. मी राहायला गेलो तेव्हा सत्तरीला टेकल्या होत्या, तरी बाजारात जायचं ते सायकलवरूनच. काळी लेडीज सायकल, मागे कॅरिअर, आणि चेनचं कव्हर मुद्दाम काढून टाकलेलं. "झाकलं की माणूस बघत नाही, आणि बघत नाही तिथं घाण साठते," हे त्यांचं म्हणणं. उघड्या चेनवर पांढरी साडी नेसून बसायच्या, पण काठाला काळा ठिपका लागलेला मी कधी पाहिला नाही. बाजारातल्या बायका कौतुक करायच्या. बाई म्हणायच्या, "साडीचं कौतुक नको, चेनचं करा."

त्यांची पद्धत सांगतो. रेशनवर रॉकेल मिळेनासं झाल्यापासून त्या डिझेल वापरत. वीर स्टेशनच्या फेऱ्या मारणारा एक रिक्षावाला त्यांचा जुना विद्यार्थी होता, तो बिचारा बाटली भरून आणून द्यायचा. पक्कडीनं चेनचं लॉक काढायचं, चेन बरणीतल्या डिझेलमध्ये सोडायची आणि झाकण घट्ट लावून ताक घुसळावं तशी बरणी हलवायची. बरणीची जुळी बहीण लोणच्याची होती आणि दोघी एकाच फळीवर बसायच्या. मी त्या घरात लोणचं कधी घेतलं नाही. मग जुन्या टूथब्रशनं एकेक कडी घासायची, पुन्हा स्वच्छ डिझेलमधून काढायची आणि दोरीवर वाळत घालायची. वाळली की सायकलवर चढवून एकेका कडीवर तेलाचा एकेक थेंब. थोडा वेळ पेडल उलटं फिरवायचं, चहा प्यायचा, आणि जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यानं बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं.

पहिल्या रविवारी मला ते काही पटेना. "बाई, आत्ताच लावलं आणि आत्ताच पुसायचं?"

"तेल आत पाहिजे. बाहेर राहिलं की ते तेल नाही, धुळीला आवतण आहे," त्या म्हणाल्या. "पूस."

तेलाच्या बाबतीत मात्र बाईंचं डोकं फिरलेलं होतं. एकदा त्यांच्या मनानं घेतलं की घरात कोकम आहे तर विकतचं तेल कशाला? कोकमाच्या बियांचं तेल आमच्याकडे थंडीत टाचांना लावतात, ते वडीसारखं घट्ट असतं. बाईंनी ते वाटीत वितळवून चेनवर ओतलं. दोन दिवस सायकल लोण्यासारखी चालली. मग थंडी पडली, तेल कड्यांमध्ये गोठलं, आणि त्या वासावर उंदीर येऊन चेन चाटायला लागले. त्यानंतर करंजाचं तेल झालं. त्याचा वास असा, की बाईंची सायकल गल्लीच्या तोंडाशी आली की घराघरांत कळायचं. शेजारणीनं हात जोडले तेव्हा कुठे स्वारी शिलाई मशीनच्या तेलावर परत आली. "ते पातळ आहे, पण गप्प आहे," असं म्हणून त्यांनी माघार घेतली. हरले म्हणायची बाईंना सवय नव्हती.

चेनच्या घाणीवरून माणूस कुठं जाऊन आला ते आपल्याला कळतं, असंही त्यांना वाटायचं. राखाडी बारीक धूळ म्हणजे एमआयडीसी, लाल म्हणजे रायगडाकडचा पाचाडचा रस्ता, खडीची भुकटी म्हणजे हायवे. कधी बरोबर यायचं, कधी साफ चुकायचं. एकदा शेजाऱ्याच्या चेनमध्ये त्यांना वाळू सापडली. त्यांनी लगेच त्याच्या बायकोला सांगितलं, की तुझा नवरा कामावर जात नाही, नदीवर गळ टाकून बसतो. घरात रणकंदन झालं. नंतर कळलं, की तो गृहस्थ बायकोसाठीच तुळशीकट्टा बांधत होता आणि वाळू पोत्यातून सायकलवर आणत होता. बाईंनी माफी मागितली का? छे! म्हणाल्या, "वाळू होती की नाही? मग!"

आणि पूर. एका पावसाळ्यात पाणी आमच्या पायरीवर न थांबता सरळ आत आलं. आम्ही सगळे वरच्या मजल्यावर गेलो, सकाळी उतरून पाहतो तर घरभर चिखल. सावित्री नदीचा गाळ लोण्यासारखा मऊ असतो आणि वाळला की सिमेंट होतो, त्यामुळे हात चालवावे लागतात. बाईंची भाची प्रणाली पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली. कपाटातली, मांडणीवरची, डब्यातली, सगळी भांडी चिखलानं भरलेली. आणि बाई? बाई अंगणात बसून चेन धूत होत्या.

"आत्या, आधी हंडा तरी धुवू दे ना गो! प्यायला पाणी नाय घरात," प्रणाली आतून ओरडली.

"लोखंडाला आधी गंज चढतो, पितळेला नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. शास्त्र म्हणून खरंच होतं ते. हंडा मी धुतला.

या प्रणालीबद्दल आता सांगायला हवं. ती बाईंच्या भावाची मुलगी. भाऊ-भावजय मुंबईला, मुलगी शाळेसाठी आत्याकडे ठेवली ती राहिलीच. बाजारात औषधांच्या दुकानात काम करायची. तिशी जवळ आली होती, आणि लग्नाचा विषय निघाला की मुंबईहून तिच्या बापाचं उत्तर ठरलेलं: "ताई म्हणंल तसं." ताई म्हणेल तसं म्हणजे चेन म्हणेल तसं. हे गावाला माहीत होतं, मुंबईला नव्हतं.

हे खूळ कुठून आलं ते बाईंनी मला एकदा स्वतःच सांगितलं. त्यांचे यजमान कोर्टात कारकून होते, मी येण्याच्या कितीतरी आधी वारलेले. ते बाईंना पाहायला आले ते सायकलवरून. "घरातल्या सगळ्यांनी मुलगा पाहिला. मी खिडकीतून सायकल पाहिली. चेन अशी लख्ख! मी आईला म्हटलं, याच्याशीच करीन." ते सांगताना म्हातारीचा चेहरा खुलला होता. पुढे म्हणाल्या, "आणि फसले नाही हो. मरेपर्यंत टापटिपीचा माणूस."

तर हा धडा त्यांनी भाचीच्या स्थळांना लावला. पहिला मुलगा मोटरसायकलवर आला. बाईंनी त्याला चेनचं कव्हर खोलून दाखवायला सांगितलं. त्याला वाटलं म्हातारी थट्टा करते, तो हसला. गेला. दुसरा पोलादपूरचा मास्तर, बाईंची ख्याती ऐकून आलेला. आदल्या दिवशी सायकलच्या दुकानातून चेन चकाचक करून आणलेली. बाईंनी विचारलं, "तेल कुठलं घातलंस?" तो म्हणाला, "दुकानदाराला विचारून सांगतो." तोही गेला. प्रणाली दोन्ही वेळा काही बोलली नाही. ते दोघे तिच्याही मनात भरले नव्हते, त्यामुळे आत्याचं खूळ तिला सोयीचंच पडलं असावं.

तिसऱ्याच्या वेळी गोष्ट निराळी होती. संदेश आंबेनळी घाटाकडच्या एका वाडीतला. मुंबईत कुरिअरच्या ऑफिसात होता, ते सोडून गावी आला आणि पोलादपूरच्या एसटी स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायला लागला. मुंबई सोडून आलेला मुलगा म्हटलं की आमच्याकडे लोकांच्या भुवया वर जातात. पण फोटो आला, फोन सुरू झाले, आणि प्रणाली संध्याकाळी गच्चीवर जास्त वेळ राहायला लागली. एक दिवस जिन्यात मला थांबवून म्हणाली, "दादा, हा मला आवडलाय. आत्यानं याला पण नाय म्हटलं ना, तर मी पुन्हा कुणासमोर पोहे घेऊन जाणार नाय. बास झालं."

"मग त्याला चेनचं सांगून ठेव," मी म्हणालो.

"सांगितलं. म्हणाला, घासायचं काय, त्यात काय मोठंसं?" आणि तिनं कपाळावर हात मारला.

बाईंनी जय्यत तयारी केली होती. आठवडाभर स्वतःच्या सायकलच्या चेनला हात लावला नाही, उलट हायवेचं काम चाललं होतं त्या बाजूनं मुद्दाम फेऱ्या मारल्या. बाईंच्या दृष्टीनं हे निर्जळी उपासासारखं होतं. मागच्या पायरीवर डिझेलची बरणी, ब्रश, फडकं आणि तेलाची बुधली मांडून ठेवली. मला साक्षीदार म्हणून बसवलं. म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको, की म्हातारीनं पक्षपात केला.

संदेश आला तो मामाला घेऊन. आई आली नाही. मामा भलता बोलका. "आमच्याकडं कशाला कमी नाय बाई. भात हाय, दोन म्हशी हायत, कामाला घरात माणसं हायत. मुलीनं नुसतं बसायचं."

"बसायला आमच्याकडेही खुर्च्या आहेत," बाई म्हणाल्या आणि मुलाकडे वळल्या. "काय रे, सायकलची चेन साफ करता येते?"

"करतो की," संदेश म्हणाला. शर्टाच्या बाह्या दुमडून तो मागीलदारी गेला. पोहे आले, मामानं ते खाल्ले. चहा आला, तोही प्याला. प्रणाली दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मागून घासण्याचा खसाखसा आवाज येत होता आणि प्रत्येक आवाजाला बाईंची भुवई थोडी वर जात होती, कारण डिझेलमध्ये असा आवाज होत नाही.

शेवटी संदेश आला. दोन्ही तळहातांवर चेन. आणि काय सांगू, ती चेन अशी चमकत होती की मी माझ्या उभ्या जन्मात तशी केली नव्हती. मामा तर उडालाच. "आयला! चांदीचा कमरपट्टा केलास की रं!"

बाईंनी चेन हातात घेतली. वाकवली. ती सहज वाकायला पाहिजे, ती खर्रर् करत वाकली. पुन्हा वाकवली. त्यांच्या पांढऱ्या साडीवर राखाडी, ओलसर भुकटी पडली. ती त्यांनी चिमटीत धरून चोळली.

"ही राख आहे."

"होय," संदेश म्हणाला. "डिझेलला हात नाय लावला, हाताला वास ऱ्हातो. तुमच्या बंबात राख होती, तिथंच काथ्या मिळाला. राखेनं घासली न पाण्यानं खळबळून काढली."

"पाण्यानं!" बाई मटकन खाली बसल्या. "अरे, ही चेन आहे का कढई? वरून लख्ख केलीस आणि आत सगळी राख भरलीस. चार दिवसांत कडी न् कडी खाऊन टाकेल ती!"

"कढई अशीच निघते," तो बिचारा म्हणाला.

"कढई कशी निघते ते तुला काय माहीत?"

"अवो, कायतरी बोलतो तो," मामा घाईघाईनं मध्ये पडला. "बायकांचं बघून—"

"मामा, ऱ्हाऊ दे," संदेश म्हणाला. मग बाईंकडे बघून त्यानं सांगितलं. "आईच्या अंगावरून वारं गेलं, तिचा डावा हातपाय चालत नाय. म्हणून तर मुंबई सोडून आलो. घरात बाकी कोण नाय. सैपाक जमंल तसा करतो, भांडी रोज मीच घासतो. ह्यांनी म्हटलं, मुलीकडं सांगू नको."

मामा आढ्याकडे बघायला लागला. घरात कामाला माणसं हायत ती ही!

बाई उठल्या. त्यांचा आवाज चढला की शाळेतली भाषा गळून जायची. "म्हंजे भांड्यांना माणूस पायजे म्हणून लगीन! सरळ सांगायचं तसं. मी पोरीला शिकवली ती तुमची खरकटी काढायला? नाय जमायचं."

बोलणं खोटं नव्हतं, आणि तेच वाईट होतं. प्रणालीच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. तटस्थ साक्षीदार म्हणून बसलो होतो, पण मनातून मला बाईंचा अस्सा राग आला होता, की ती बरणी उचलून गटारात ओतावी. प्रणाली मात्र रडली नाही. चौकट सोडून पुढे आली आणि त्या मुलाला सगळ्यांसमोर विचारलं, "लग्न झाल्यावर भांडी कोण घासणार?"

त्यानं थोडा विचार केला. "तुम्ही दुकानात जाणार, मी पन जाणार. सकाळची तुम्ही घासा, सांजची मी. नायतर उलटं करू. मला सवय झालीय, मी काय सोडणार नाय."

"आणि पातेल्याचं बूड?" हे बाईंनी विचारलं. शिक्षिकेला परीक्षा अर्धी सोडवत नाही.

"ते पन. काळं ऱ्हायलं तर आई ओरडते."

प्रणाली आत्याकडे वळली. "आत्या, चेन मी साफ करीन. तुझ्या हाताखाली शिकलेय, मला डोळे मिटून येते. पण भांडी घासणारा तू मला आणखी कुठून आणून देणार गो?"

"भांड्यांचं काय घेऊन बसलीस? माणूस नीटनेटका असला की—"

"आतोबांनी कधी कपबशी विसळली होती?"

टोमणा नव्हता तो. लहान मूल विचारतं तसं तिनं विचारलं होतं. बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. "त्यांना कोर्टातून यायला—" म्हणाल्या, आणि थांबल्या. मी इतकी वर्षं त्यांच्याकडे राहिलो, वाक्य अर्धं टाकून बाई थांबलेल्या मी त्या एकदाच पाहिल्या.

मग बाईंनी चेन संदेशच्या हातात परत दिली. "ती बरणी घे. सगळी राख निघेपर्यंत डिझेलमधून काढायची, आणि पुन्हा जर चेनला पाणी दाखवलंस ना, तर बघ."

"म्हंजे, जमलं?" मामानं विचारलं.

"साखर आण गो," बाई भाचीला म्हणाल्या.

पाहुण्यांना पोलादपूरची एसटी गाठायची होती. प्रणाली त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेली आणि बराच वेळ तिथंच बोलत उभी राहिली. बाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. बाजूला पोह्यांच्या बश्या, चहाचे कप तसेच पडलेले. मला वाटलं, हरल्याचं वाईट वाटतंय. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "तुमचे यजमान फार टापटिपीचे होते ना, बाई?"

"होतेच," त्या म्हणाल्या. "रोज बूट पुसायचे, रविवारी चेन धुवायचे. त्यांच्या टेबलावर कधी धूळ नसायची. एवढं सगळं माझं पाहून झालं होतं रे."

"आणि घरातली भांडी?"

"ती मला कधी दिसलीच नाहीत," बाई म्हणाल्या. "दिसणार कशी? माझेच हात होते त्यात."